विंडोज, लिनक्स, मॅक: आपण सुरू केलेली चाइल्ड प्रोसेस तिन्हीकडे नीट बंद कशी करायची?

पानवाचक

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचं काम चालू आहे. त्यासाठी मी पायथॉनमध्ये एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलंय. अक्षरओळख ते स्वतः करत नाही. प्रत्येक पानासाठी टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा प्रोग्राम चालवतं, त्याला मराठीची डेटा फाइल देतं आणि शेवटी घोस्टस्क्रिप्टकडून पीडीएफ लहान करून घेतं. म्हणजे एका जाडजूड अंकामागे शेकड्यांनी चाइल्ड प्रोसेस (ॲपने सुरू केलेले, वेगळे चालणारे प्रोग्राम).

मी लिनक्सवर लिहितो, वाचनालयात विंडोज आहे आणि एक स्वयंसेविका घरून मॅकवर काम करतात. कोड तोच, पण तिन्हीकडे वागणूक वेगळी.

विंडोजवर ‘थांबवा’ दाबलं की ॲप थांबतं, टास्क मॅनेजरमध्ये टेसरॅक्ट मात्र पळतच राहतं. लिनक्सवर तेच बटण दाबलं की लगेच मरतं. मॅकवर टर्मिनलमधून ॲप सुरू केलं तर सगळं उत्तम, आयकॉनवर डबलक्लिक केलं तर ‘टेसरॅक्ट सापडलं नाही’. काही अंकांवर घोस्टस्क्रिप्ट मधेच गोठतं: सीपीयू शून्य, एरर नाही, काही नाही. आणि विंडोजवर मजकूर काही पानांवर कचरा येतो, तर काही पानांवर थेट एरर.

प्रोसेस सुरू करणं एका ओळीचं काम आहे. तिची जबाबदारी शेवटपर्यंत कशी घ्यायची, हे मला नीट समजून घ्यायचंय. ज्यांनी तिन्हीकडे चालणारं काही बांधलंय त्यांनी कृपया लिहावं.

रात्रपाळी

चांगला विषय. पहिल्या दुखण्याबद्दल एकच विचारतो: कमांड सुरू करताना शेल ट्रू दिलंय का, म्हणजे ती थेट न चालवता शेल या कमांड वाचणाऱ्या प्रोग्राममार्फत चालवताय का?

पानवाचक

हो, सगळीकडे.

रात्रपाळी

मग उत्तर तिथेच आहे. विंडोजवर तुमची चाइल्ड टेसरॅक्ट नाहीच, ती सीएमडी, म्हणजे विंडोजचं शेल आहे. टेसरॅक्ट तिची चाइल्ड, म्हणजे तुमची नात. तुम्ही टर्मिनेट म्हणता तेव्हा विंडोज फक्त सीएमडीला मारतं. टर्मिनेटप्रोसेस हे फंक्शन एकच प्रोसेस संपवतं, तिच्याखालच्यांना हात लावत नाही.

लिनक्सवर चाललं याचं कारणही सांगतो, कारण त्यामुळेच लोकांचा गैरसमज होतो. शेलला एकच साधी कमांड दिली तर बहुतेक आधुनिक शेल वेगळी प्रोसेस न काढता स्वतःच एक्झेक करून त्या प्रोग्राममध्ये रूपांतरित होतात. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तोच राहतो, म्हणून तुमचा सिग्नल थेट टेसरॅक्टला लागतो. त्याच कमांडमध्ये एक पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी नळी) किंवा ‘अँड अँड’ घालून बघा, लिनक्सवरही नेमका विंडोजसारखाच प्रकार होईल.

शेल काढा, आर्ग्युमेंट यादी म्हणून द्या. फाइलच्या नावात स्पेस, अवतरण, डॉलर काहीही असलं तरी मग त्रास नाही.

शेवगा

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कळसूबाई

रात्रपाळी यांच्याशी सहमत, फक्त ‘काहीही असलं तरी त्रास नाही’ हे विंडोजवर पूर्ण खरं नाही. त्यासाठी मूळ फरक पाहायला हवा.

युनिक्समध्ये १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून फोर्क, एक्झेक आणि वेट ही त्रयी आहे. फोर्क प्रोसेसची प्रत काढतो, एक्झेक त्या प्रतीत नवा प्रोग्राम भरतो, वेट तिचा निकाल घेतो. सौंदर्य आहे ते फोर्क आणि एक्झेकच्या मधल्या जागेत. तिथे तुमचाच कोड चाइल्डच्या अंगात चालत असतो, त्यामुळे आउटपुट कुठे वळवायचं, कुठल्या फोल्डरमध्ये जायचं, कुठल्या ग्रुपमध्ये बसायचं हे साध्या सिस्टिम कॉलनी ठरवता येतं. आर्ग्युमेंट शेवटपर्यंत सुट्या स्ट्रिंगांची यादी म्हणूनच जातात.

विंडोजमध्ये क्रिएटप्रोसेस नावाचं एकच फंक्शन, दहा पॅरामीटरचं. सगळं आधी ठरवून द्यायचं. आणि आर्ग्युमेंटांची यादी नाही, एकच लांब स्ट्रिंग, जास्तीत जास्त ३२,७६७ कॅरेक्टरची. ती स्ट्रिंग फोडून तुकडे करायचं काम ज्याचं त्याने करायचं. बहुतेक प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमच्या नियमांनी फोडतात, पायथॉनही तुमची यादी त्याच नियमांनी जोडतो, म्हणून जमतं. सीएमडीचे नियम मात्र वेगळेच आहेत, आणि तिची मर्यादा ८,१९१ कॅरेक्टरची. शेकडो पानांची नावं एकाच ओळीत दिलीत तर सीएमडीमध्ये अडाल, थेट क्रिएटप्रोसेसमध्ये कदाचित नाही.

यातून खरं भोक निघालं ते एप्रिल २०२४ मध्ये. डॉट बॅट फाइल चालवायला सांगितली की क्रिएटप्रोसेस न विचारता सीएमडीला बोलावतं. भाषांच्या लायब्रऱ्या सी रनटाइमच्या नियमांनी अवतरणं लावून मोकळ्या होतात, आणि आत बसलेली सीएमडी तीच ओळ स्वतःच्या नियमांनी वाचते. बाहेरून आलेल्या आर्ग्युमेंटमधून हवी ती कमांड घुसवता येत होती. रस्टने १.७७.२ मध्ये दुरुस्ती केली, नोडने शेल स्पष्ट मागितल्याशिवाय बॅट फाइल चालवणंच बंद केलं. पानवाचक, तुमच्या मार्गात कुठे बॅट फाइल असेल तर तेवढी टाळा.

मध्यरात्रीचा_चहा

फोर्कचं कौतुक वाचलं, पण मी ठामपणे असहमत. फोर्क १९७१ मध्ये छान होता, कारण तेव्हा प्रोसेस लहान होत्या आणि थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) नव्हते. आज मल्टिथ्रेडेड प्रोसेसने फोर्क केला की चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा एकच थ्रेड येतो. बाकीच्या थ्रेडनी धरलेली लॉक (एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टींवरची कुलपं) मात्र धरलेल्याच अवस्थेत कॉपी होतात. त्यात मेमरी वाटपाचं लॉक असेल तर चाइल्डने पहिली मेमरी मागितली की ती कायमची अडकली. असले बग हजारात एकदा येतात आणि डेव्हलपरच्या मशीनवर कधीच येत नाहीत.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी फोर्क आता निवृत्त करा असं सविस्तर मांडलं होतं. ते विंडोजवाल्यांचं म्हणणं म्हणून सोडायचं तर मॅककडे पाहा. २०१७ च्या हाय सिएरापासून ऑब्जेक्टिव्ह-सी रनटाइम फोर्कनंतर चुकीच्या वेळी हात लावला तर प्रोसेस मुद्दाम पाडतो. पायथॉनच्या मल्टिप्रोसेसिंगने मॅकवर ३.८ पासून फोर्क सोडून स्पॉन (प्रत न काढता नवी प्रोसेस सुरू करणं) धरला, आणि ३.१४ मध्ये लिनक्सवरही फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर आला. सगळे एकाच दिशेला चाललेत.

कळसूबाई

एक्झेक न करता नुसता फोर्क करून पुढे काम करत राहणं धोक्याचं, हे मला मान्यच आहे. फोर्क करून लगेच एक्झेक करणं ही वेगळी गोष्ट. नुसत्या फोर्कचेही चांगले उपयोग आहेत: रेडिस या डेटाबेसचा स्नॅपशॉट त्यावरच उभा आहे. चाइल्ड गोठलेल्या चित्रासारखी जुनी मेमरी डिस्कवर लिहीत बसते, पेरेंट नव्या विनंत्या घेत राहतो, आणि जी पानं बदलतील तेवढ्यांचीच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रत काढतं. हे क्रिएटप्रोसेसने करून दाखवा.

मध्यरात्रीचा_चहा

ते नाही जमत, मान्य. पण पानवाचकांना डेटाबेस लिहायचा नाहीये. त्यांच्यासाठी पॉझिक्स स्पॉन किंवा पायथॉनचं पोपेन, दोन्ही पुरेसं.

ढगफुटी

गोठण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पानवाचक, तुम्ही घोस्टस्क्रिप्टचं आउटपुट पाइपमध्ये घेताय आणि वेट करताय, पण संपेपर्यंत पाइप वाचत नाही. बरोबर? पाइपच्या मागे कर्नलमध्ये ठराविक बफर असतो. लिनक्सवर साधारणपणे ६४ केबी, विंडोजवर पायथॉन जो पाइप बनवतो त्याचा त्याहून बराच लहान. घोस्टस्क्रिप्ट दर पानाला एक ओळ छापतं आणि फॉन्टबद्दल कुरकुर असेल तर ढीगभर इशारे. बफर भरला की त्याचा राइट कॉल थांबतो. ते तुम्ही वाचायची वाट बघतं, तुम्ही ते संपायची वाट बघता. सीपीयू शून्य. म्हणूनच हे फक्त ‘काही अंकांवर’ होतं: ज्यांचे इशारे बफरमध्ये मावतात ते अंक सुखरूप पार पडतात.

उपाय: वेटऐवजी कम्युनिकेट, किंवा सरळ रन वापरा. ते आउटपुट आणि एरर दोन्ही एकाच वेळी वाचत राहतात. एक वाचून संपवायचा आणि मग दुसरा, असं केलंत तर दुसरा भरून तीच गत. आउटपुट नकोच असेल तर डेव्हनलला पाठवा. आणि घोस्टस्क्रिप्टला क्वाएटचा पर्याय आहे, तोही द्या.

पानवाचक

ढगफुटी, अगदी हेच. ज्या अंकांत इशारे जास्त तेच अडकत होते, आता तपासलं. मनापासून आभार.

कमळपत्र

मजकुराच्या कचऱ्याकडे वळते. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण यात देवनागरी लिहिणाऱ्यांनाच जास्त सोसावं लागतं.

टेसरॅक्ट मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्येच देतं. तुम्ही पायथॉनला ‘टेक्स्ट ट्रू’ म्हटलंत आणि एन्कोडिंग सांगितलं नाहीत. मग पायथॉन सिस्टिमचं कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा जुना तक्ता) धरतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर ते १२५२ म्हणजे पश्चिम युरोपचं असतं. देवनागरीसाठी त्या पिढीचं विंडोज कोडपेज कधी झालंच नाही. मराठी, हिंदी विंडोजमध्ये आल्या त्या थेट युनिकोडमध्ये. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमधून भाषा मराठी करून हा प्रश्न सुटत नाही.

आता काही पानांवर कचरा आणि काहींवर एरर का, ते जवळून बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. १२५२ मध्ये पाच बाइटना अर्थच दिलेला नाही, हेक्समध्ये ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. ‘कमल’ या शब्दातला एकही बाइट त्यात नाही, म्हणून तो मुकाट्याने टोप्या लावलेल्या रोमन अक्षरांचा कचरा होऊन येतो. पण हलन्ताचा तिसरा बाइट आहे ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे पानात एक जोडाक्षर किंवा एक ‘गुरु’ आला की डीकोडिंग कोसळतं. तुमची ‘कचऱ्याची’ पानं बहुधा एखाद-दोन शब्दांची असणार, शीर्षकं वगैरे. मराठीचं भरलेलं पान उकार आणि जोडाक्षराशिवाय असतंच कुठे?

त्यामुळे एन्कोडिंग नेहमी स्पष्ट यूटीएफ-८ द्या. चाइल्ड स्वतः पायथॉन असेल तर तिच्या पर्यावरणात पायथॉनयूटीएफ८ हे १ करून पाठवा, नाहीतर तिकडे लिहितानाच अडेल.

दुसरं, पाइप तुकड्यातुकड्याने वाचत असाल तर प्रत्येक तुकडा सुटा डीकोड करू नका. ४,०९६ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, अक्षर मधेच तुटतं आणि चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा, उरलेले बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

अननस

कमळपत्र ताई, हे हलन्ताचं माहीतच नव्हतं. प्रतिसाद जपून ठेवतोय.

फाइलच्या नावांचं काय? आमच्याकडे फोल्डरची नावं ‘दुसऱ्या महिन्याचे हिशेब’ अशीच असतात.

कमळपत्र

अननस, नावांचे दोन वेगळे प्रश्न आहेत.

विंडोजवर क्रिएटप्रोसेस नाव यूटीएफ-१६ मध्ये व्यवस्थित पोचवतं. पण चाइल्ड प्रोग्राम जुन्या पद्धतीने लिहिलेला असेल तर तो आर्ग्युमेंट कोडपेजमधून घेतो आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं मिळवतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्राम आपल्या मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ मागू शकतो, पण ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात. आपल्या हातातला मार्ग: चित्र स्टँडर्ड इनपुटमधून द्या. टेसरॅक्टला फाइलच्या जागी स्टडइन आणि स्टडआउट ही नावं चालतात. नाव द्यायचाच प्रश्न मिटला.

मॅकवर तुमचं ‘दुसऱ्या’ हेच उदाहरण चपखल बसतं. त्यातला ऱ हे युनिकोडमध्ये एक चिन्ह आहे आणि र अधिक नुक्ता असंही लिहिता येतं. जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवते. आपण दिलेलं नाव आणि चाइल्डने यादीत छापलेलं नाव डोळ्यांना एकच दिसतं, तुलना केली तर वेगळं निघतं. नव्या एपीएफएसवर नाव दिलं तसंच राहतं, पण जुन्या डिस्कवरून आणलेल्या फाइली सुट्या रूपातच येतात. तुलना करण्याआधी दोन्ही एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आणा.

शेवगा

एकाच धाग्यात चार विषय समांतर चाललेत. कुणीतरी लॉक लावा. :)

बाय द वे, मॅकचं ‘सापडलं नाही’ राहिलंच की.

तळेगावकर

ते मी सांगतो. फाइंडरमधून उघडलेल्या ॲपला तुमच्या शेलच्या सेटिंगमधला पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळत नाही. त्याला फक्त सिस्टिमचे चार मूळ फोल्डर दिसतात. होमब्रू (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) ॲपल सिलिकॉनवर ‘ऑप्ट’मधल्या होमब्रू फोल्डरमध्ये टाकतं, इंटेलवर ‘यूएसआर लोकल’मध्ये. दोन्ही जागा स्वतः शोधा, पूर्ण पाथ पक्का करा आणि तोच द्या. किंवा टेसरॅक्ट ॲपच्या बंडलमध्येच घाला.

विंडोजवरही पूर्ण पाथ द्यायची सवय लावा. नुसतं नाव दिलं की क्रिएटप्रोसेस चालू फोल्डरमध्येही शोधतं. तिथे कुणी त्याच नावाची भलती ईएक्सई ठेवली तर तीच चालेल. गो भाषेने १.१९ मध्ये याच कारणासाठी चालू फोल्डरमधला प्रोग्राम आपोआप चालवणं बंद केलं.

नवा_सभासद_७

मूलभूत प्रश्न विचारतो. इतक्या कटकटी आहेत तर चाइल्ड प्रोसेस हवीच कशाला? टेसरॅक्टची लायब्ररी थेट ॲपमध्ये जोडा. एकच प्रोसेस, एकच मेमरी, पाइप नाही, किल नाही.

ढगफुटी

प्रश्न रास्त आहे, पण मी या बाबतीत चाइल्डच्याच बाजूचा. खराब स्कॅनवर लायब्ररी आत कोसळली तर अख्खं ॲप जातं, बरोबर अर्ध्या अंकाचं काम जातं. वेगळी प्रोसेस कोसळली तर एक पान जातं, त्याची नोंद करून पुढे जायचं. क्रोम २००८ मध्ये आला तोच वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये पानं ठेवून, त्यामागे हेही एक कारण होतं. शिवाय मेमरी गळत असेल तर प्रोसेस संपताना सगळी परत मिळते. आणि अडकलेला थ्रेड बाहेरून सुरक्षितपणे मारता येत नाही, प्रोसेस मारता येते.

रात्रपाळी

मारता येते, पण कशी ते बघून. यावर सविस्तर लिहितो कारण मूळ प्रश्न हाच आहे.

लिनक्स आणि मॅकवर चाइल्ड सुरू करतानाच तिला नव्या सेशनमध्ये टाका, पायथॉनमध्ये त्यासाठी ‘स्टार्ट न्यू सेशन’ आहे. मग ती आणि तिची पुढची पिढी एका प्रोसेस ग्रुपमध्ये राहते आणि किलपीजीने सगळ्यांना एकदम सिग्नल जातो. आधी सिगटर्म (थांबायची विनंती), काही सेकंद मुदत, तरी नाही ऐकलं तर सिगकिल (सक्तीने मारणं). याची एक किंमत आहे: टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की तो आता तुमच्या चाइल्डपर्यंत पोचत नाही, तुम्हीच पुढे द्यायचा.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी हे नक्की करा. तुम्ही सुरू करता ते सॉफिस असतं, खरं काम सॉफिस डॉट बिन नावाची दुसरीच प्रोसेस करते. टाइमआउट झाल्यावर फक्त पहिलीला मारलं की दुसरी सर्व्हरवर साचत जाते.

विंडोजवर सिगटर्म नाही. पायथॉनमध्ये टर्मिनेट आणि किल तिथे एकच आहेत, दोन्ही निर्दय. टास्ककिलला झाडासकट मारायचा पर्याय आहे, पण तो पेरेंटच्या पीआयडीवरून झाड शोधतो. मधली प्रोसेस आधीच मेली असेल तर साखळी तुटते, आणि विंडोज पीआयडी पुन्हा वापरतं. म्हणून तिथे भरवशाचा एकच उपाय, जॉब ऑब्जेक्ट. ॲप सुरू होतानाच एक जॉब बनवा, ‘जॉब बंद झाला की सगळे मारा’ ही मर्यादा लावा आणि स्वतःच्या प्रोसेसला त्यात घाला. पुढे जन्मणाऱ्या सगळ्या चाइल्ड आपोआप त्याच जॉबमध्ये जातात. तुमचं ॲप कोसळलं, कुणी टास्क मॅनेजरमधून मारलं, काहीही झालं तरी जॉबचं शेवटचं हँडल (त्याला धरून ठेवणारा दुवा) बंद होतं आणि विंडोज स्वतः सगळं आवरतं. फक्त ते हँडल चाइल्डकडे वारशाने जाऊ देऊ नका.

‘पेरेंट अचानक मेला तर चाइल्ड मरावी’ एवढं सोपं लिनक्सवर नाही. पीडेथसिग आहे, पण तो पेरेंट प्रोसेस मेल्यावर नाही, ज्या थ्रेडने चाइल्ड काढली तो थ्रेड मेल्यावर येतो. थ्रेडपूलमधून चाइल्ड काढलीत तर भलत्याच वेळी मरेल. मॅकवर तर हेही नाही. सगळीकडे चालणारी युक्ती: चाइल्ड आपण लिहिलेली असेल तर तिला एक पाइप द्या आणि तिने तो नुसता ऐकत बसावं. पेरेंट कसाही मेला तरी पाइपचं त्याचं टोक बंद होतं, चाइल्डला शेवट दिसतो, ती आवरून निघते.

गोव्याक_आयलो

रात्रपाळी, निर्दय टर्मिनेटवरून आठवलं. मी व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी एफएफएमपेग चालवतो. विंडोजवर टर्मिनेट केलं की एमपी४ उघडतच नाही, कारण अनुक्रमणिकेचा भाग शेवटी लिहिला जातो. पण एफएफएमपेग स्टँडर्ड इनपुटवर क्यू अक्षराची वाट बघत असतं. पाइपमधून तेवढं एक अक्षर पाठवलं की ते फाइल नीट बंद करून स्वतः बाहेर पडतं, तिन्हीकडे. मारण्याआधी प्रोग्रामला स्वतःहून थांबायचा मार्ग आहे का, ते आधी बघावं.

अवांतर: याच सवयीमुळे शेल स्क्रिप्टच्या लूपमध्ये एफएफएमपेग पुढच्या ओळी गिळून टाकतं. तिथे नोस्टडइन द्या.

अननस

सर्व्हरवर पीएस या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘डिफंक्ट’ असं लिहिलेल्या पन्नासेक प्रोसेस दिसतात. किल मायनस ९ ने सुद्धा जात नाहीत. हे काय प्रकरण?

कळसूबाई

त्या झोंबी. प्रोसेस मेलेली आहे, मेमरी परत गेलेली आहे. शाळा सोडलेल्या मुलाचं नाव पटावर राहावं तशी फक्त एक नोंद उरलीय, तिच्या पेरेंटने वेट करून एक्झिट कोड घ्यावा म्हणून. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही, म्हणून किल लागत नाही. पेरेंट दुरुस्त करा किंवा पेरेंट बंद करा, मग नोंदी पीआयडी १ कडे जातात आणि तो त्या साफ करतो.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरताय का? तिथे पीआयडी १ म्हणजे तुमचाच प्रोग्राम, आणि त्याला हे काम ठाऊक नसतं. कंटेनर सुरू करताना इनिट पर्याय द्या. दुसरं, पीआयडी १ ला ज्या सिग्नलचा हँडलर नाही तो कर्नल सोडून देतं, म्हणून डॉकर स्टॉप दहा सेकंद ताटकळतं आणि मग सिगकिल मारतं.

विंडोजवर झोंबी या अर्थाने नसतात. पण तुम्ही प्रोसेसचं हँडल बंद केलं नाहीत तर तिची नोंद कर्नलमध्ये राहतेच.

तळेगावकर

एक्झिट कोडचा विषय निघालाच आहे तर. युनिक्सवर फक्त शेवटचे आठ बिट पोचतात, म्हणजे कुणी २५६ परत केलं तर ते शून्य, म्हणजे ‘यशस्वी’. सिग्नलने मेली तर पायथॉन उणे ९ दाखवतं, शेल १३७ दाखवतं, गोष्ट एकच. विंडोजवर कोड ३२ बिटांचा, मेमरीची चूक होऊन पडली तर ३२२१२२५४७७ असा आकडा दिसतो. तो कचरा नाही, हेक्समध्ये बघा म्हणजे ओळखीचा सी००००००५ निघेल. लॉगमध्ये कच्चा आकडाही जरूर लिहा.

शेवगा

मी हेच सगळं फोनवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये करून बघितलं. जास्त चाइल्ड काढल्या की अँड्रॉइड सिग्नल ९ देऊन मारतं.

मध्यरात्रीचा_चहा

शेवगा, अँड्रॉइड १२ पासून ॲपनी काढलेल्या अशा चाइल्ड प्रोसेसवर सगळ्या ॲपची मिळून ३२ ची मर्यादा आहे. आयफोनवर तर साध्या ॲपला चाइल्ड काढताच येत नाही. तिथे नवा_सभासद_७ म्हणतात तसं लायब्ररी जोडणं हाच मार्ग.

पानवाचक

सगळ्यांचे आभार. आज वाचनालयात बसून बदल केले. शेल काढलं, पूर्ण पाथ दिले, कम्युनिकेट लावलं, एन्कोडिंग स्पष्ट केलं, विंडोजवर सुरुवातीलाच जॉब ऑब्जेक्ट. ‘थांबवा’ दाबल्यावर टास्क मॅनेजर स्वच्छ. मॅकवाल्या ताईंचंही डबलक्लिकने चालू झालं. चित्र स्टडइनमधून दिल्यामुळे फोल्डरची मराठी नावं बदलावी लागली नाहीत, याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

दोन गोष्टी उरल्यात. विंडोजवर दर पानाला काळी खिडकी चमकून जाते. आणि चार पानं एकदम चालवली तर वेग वाढण्याऐवजी कमी होतो. चार कोरचं मशीन आहे.

ढगफुटी

खिडकीसाठी पोपेनला ‘क्रिएट नो विंडो’ हा फ्लॅग द्या, फक्त विंडोजवर.

वेगाचं कारण: एकेक टेसरॅक्ट आतून ओपनएमपीने चार थ्रेड काढतं. चार प्रोसेस म्हणजे सोळा थ्रेड चार कोरवर भांडतात. चाइल्डच्या पर्यावरणात ओएमपी थ्रेड लिमिट हे १ करा, मग चार पानं खरोखर चार कोरवर चालतील.

आणि पर्यावरण देताना नुसती ती एक नोंद असलेली डिक्शनरी देऊ नका. एन्व्ह दिलं की जुनं सगळं पुसलं जातं, विंडोजवर सिस्टमरूट गेला तर काही प्रोग्राम सुरूच होत नाहीत, मॅकवर पाथ जाईल. चालू पर्यावरणाची प्रत घ्या, तिच्यात भर घाला आणि ती प्रत द्या.